उरलेल्या सामानाची मुदत: एका घरदुरुस्तीनंतरचे सात महिने

पार्श्वभूमी

दोन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि एक अरुंद गॅलरी. घर वीसेक वर्षं जुनं. राहणारे तिघं: ताई, तिचा नवरा आणि सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत. सामान आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत. कामावर देखरेख माझी होती, त्यामुळे पुढे येणारी सगळ्यात मोठी चूकही माझीच आहे.

काम अकरा आठवडे चाललं. दोन्ही बाथरूम फोडून नव्याने केले, दिवाणखान्याची फरशी बदलली, स्वयंपाकघराचा ओटा, वायरिंग, दोन दारं, आणि शेवटी रंग. मिस्त्रीने थापी धुऊन पिशवीत घातली त्या संध्याकाळी लहान खोलीचं दार निम्मंच उघडत होतं. आत काम संपल्यावर उरलेलं सगळं कोंबलेलं होतं.

इतकं उरलं कसं, हे आधी सांगायला हवं. फरशीत तुटफूट आणि कटाईसाठी दहाएक टक्के जास्त घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण इथे प्रत्येक खोलीचं मोजमाप वेगळं काढलं, प्रत्येकीवर वेगळं वेस्टेज धरलं, आणि वर प्रत्येक आकडा पूर्ण पेटीपर्यंत नेला. तीनदा वर ढकललेला आकडा. शिवाय ताईंनी दुसऱ्या बाथरूमची टाइल माल घरी आल्यावर बदलली. तोपर्यंत मिस्त्रीने शेड जुळते का बघायला तिच्या सगळ्या पेट्या एकदम उघडल्या होत्या. दुकानदार परत घेतो ती न उघडलेली पेटी. दोन पेट्या उघडून बॅच नंबर ताडून बघितले असते तरी काम भागलं असतं.

नेमकी अडचण काय होती

यादी करायला एक अख्खी सकाळ गेली. नव्या सामानात दिवाणखान्याच्या चकचकीत विट्रिफाइड टाइल्सच्या चार बंद पेट्या; बाथरूमच्या जमिनीच्या खरबरीत, ३०० × ३०० मिलिमीटरच्या ३३ टाइल्स; भिंतीच्या टाइल्सची एक सुटी चळत; सिमेंटच्या अडीच गोण्या; टाइल अ‍ॅडेसिव्हची, म्हणजे टाइल चिकटवायच्या मसाल्याची, एक उघडी गोणी; आतल्या भिंतींचा साधारण ८ लिटर पांढरट इमल्शन (पाण्यातला रंग) आणि तीन वेगळ्या छटांचे अर्धवट डबे; एक लिटर तैलरंग, थिनर, सिलिकॉनच्या दोन नळ्या. १८ आणि १२ मिलिमीटर प्लायचे तुकडे, लॅमिनेटच्या पट्ट्या, पाइपांचे तुकडे, दीड आणि अडीच चौरस मिलिमीटर वायरीची अर्धी अर्धी बंडलं. ओट्याच्या ग्रॅनाइटचे दोन लांब तुकडे आणि सिंकसाठी मधून कापून काढलेला चौकोन.

जुन्या, काढलेल्या सामानात दोन दारं, एक खिडकीची चौकट, बिजागऱ्या आणि कोयंडे, कपाटाच्या फळ्या, बेसिन, नळ, स्विच, ट्यूबलाइट.

अण्णांचं म्हणणं सोपं होतं: "फेकायचं म्हणजे काय? पैसे मोजलेत ना आपण?" ताईंचंही सोपं होतं: "अण्णा, मुलं सुट्टीत येणार आहेत. ती खोली मला मोकळी हवी आहे." ताईंचा नवरा दोघांच्याही बोलण्याला मान डोलवायचा. घराघरात असा एक असतोच.

भांडण जागेचं वाटत होतं. मला ते वेळेचं दिसायला दोन दिवस लागले. खोलीतल्या काही वस्तू तिथे पडल्या पडल्या निकामी होत होत्या आणि आम्ही बोलत होतो जागेबद्दल.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय: राडारोड्याबरोबर सगळं एकाच गाडीत भरून देणं. एका दिवसात खोली मोकळी. पण बंद पेट्या, न वापरलेली वायर आणि रंग मातीत जाणार, आणि थिनरसारखं सामान राडारोड्यात घालणं चुकीचंच.

दुसरा: सगळं ठेवणं, अण्णांच्या पद्धतीने. अण्णांना मी वेड्यात काढणार नाही. बंद झालेल्या डिझाइनची एक टाइल शोधत दुकानं पालथी घातलेल्या माणसाला ती वृत्ती कळते. पण ठेवलेल्या सिमेंटची गोणी वर्षभराने दगड होते आणि मग तीच उचलायला दोन माणसं लागतात.

तिसरा: विकणं किंवा देऊन टाकणं. इथली अडचण अशी की आपल्याकडे जे उरतं ते सहसा कुणालाच पुरत नाही. पाच चौरस मीटर फरशीत कुणाचीही खोली होत नाही.

चौथा पर्याय ताईंच्या मनात होता: उरलेल्यातून घरातलीच राहिलेली कामं करणं. गॅलरीची फरशी उखडली होती, बाथरूमबाहेर बेसिनखाली फळी नव्हती, कोठीची भिंत रंगवायची राहिली होती.

या चारातला एकच निवडायचा असतो, हा आमचा पहिला गैरसमज. मी तिसऱ्या दिवशी खडू घेऊन खोलीत तीन चौकोन आखले: नासणारं, न नासणारं, आणि पुन्हा न मिळणारं. "याचं काय करता येईल?" हा प्रश्न बाजूला ठेवला. त्या प्रश्नाला प्रत्येक वस्तूसाठी उत्तर सापडतं, म्हणून तो कामाचा नाही. "हे किती दिवस थांबेल?" याला मात्र प्रत्येक वस्तूचं वेगळं आणि खरं उत्तर असतं.

नासणारं आधी

सिमेंट हवेतला ओलावा घेतं आणि गोणीतच हळूहळू पक्कं होऊ लागतं. ढोबळ हिशोब असा सांगतात की नीट ठेवूनही तीन महिन्यांत साधारण वीस टक्के आणि सहा महिन्यांत तीसेक टक्के ताकद जाते. आमच्या दोन बंद गोण्या फळीवर, भिंतीपासून लांब होत्या; अर्धी मात्र बाथरूमच्या दाराशी तोंड उघडं ठेवून होती. मिस्त्रीने हात घालून पाहिला. चांगलं सिमेंट हाताला गार आणि मऊ लागतं. अर्ध्या गोणीत खडे होते, बोटांनी न फुटणारे.

अण्णा म्हणाले, "चाळून घ्या की."

"चाळलं तर खडे जातील अण्णा, पण खाली उरतं त्यातलाही जोर गेलेलाच असतो," मिस्त्री म्हणाला. अण्णांना ते पटलं नाही, पण त्यांनी हट्टही धरला नाही. ती अर्धी गोणी राडारोड्यात गेली. बाकीच्या दोनमधली एक गॅलरीच्या खड्ड्यांत आणि उताराच्या थरात लागली. दुसरी खालच्या मजल्यावर काम काढलेल्या शेजाऱ्यांना त्याच आठवड्यात दिली.

उघडी अ‍ॅडेसिव्हची गोणी आणि सिलिकॉनच्या नळ्यांचंही तेच. उघडलेली नळी तोंडाशीच घट्ट होऊन बसते, म्हणून त्याच दुपारी खिडक्यांच्या फटी भरून टाकल्या. पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटचा डबा आणि थिनर घरात ठेवायचा नाही हे मी ठामपणे सांगितलं, कारण दोन्ही पेट घेणारे. मोरीत ओतायचे तर मुळीच नाहीत. रंगाऱ्याचं दुसरं काम चालू होतं, तो दोन्ही घेऊन गेला.

रंगावर जरा थांबायला हवं, कारण इथे बहुतेक घरं चुकतात. पाच-सहा बोटं रंग मोठ्या बादलीत झाकून ठेवला तर बादलीतली हवाच तो खाते. वर साय धरते, आणि पाण्यातल्या रंगाला काही महिन्यांत कुजका वास मारू लागतो. उपाय साधा आहे: रंग गाळून, काठोकाठ भरेल अशा लहान डब्यात ओतायचा. पण किती ठेवायचा? ताईंना वाटत होतं, वाटीभर, पोपडा निघाला तर लावायला. मी नको म्हटलं. वर्षभराने भिंत मळलेली आणि फिकी झालेली असते. त्याच डब्यातला रंग ठिपक्यासारखा लावला की तो ठिपका नजरेत भरतो. डागडुजी निभावते ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवली तरच. चार मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत म्हणजे १२ चौरस मीटर. एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जातं असं धरलं तर दोन हातांना सुमारे अडीच लिटर. तेवढा ठेवला. डब्यावर खोली, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहिली.

बाकीचा पांढरट रंग आणि तीन छटा एकत्र करून कोठी रंगवली. पाण्यातले रंग एकमेकांत मिसळतात. तैलरंग त्यात घातला असता तर सगळंच फुटलं असतं. निघालेल्या रंगाला ताईंच्या नवऱ्याने "चहा सांडलेला गुलाबी" असं नाव दिलं. कोठी आहे, चालून जातं. तैलरंग गॅलरीच्या कठड्याला संपला.

न नासणारं

लाकडाबद्दल सुताराचा एक नियम मला फार आवडतो: एका हातभर रुंदीपेक्षा लहान प्लायचा तुकडा ठेवायचा असेल तर आजच सांगा त्याचं काय करणार. आम्ही सांगू शकलो ते ड्रॉवरमधले कप्पे आणि कपाटात एक जास्तीची फळी. बाकीचे लहान तुकडे कुणीतरी जाळायला मागत होतं. ते आम्ही दिले नाहीत. प्लायमधला गोंद आणि वरचं लॅमिनेट जळताना निघणारा धूर डोळ्यांना आणि छातीला बरा नसतो.

जुनी दारं ठोकून पाहिली. एकाचा खालचा भाग पोकळ वाजला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला: वाळवी. ते लगेच बाहेर. दुसरं धडधाकट होतं. त्याच्यावर जुन्या तैलरंगाचे चार-पाच थर होते, आणि अण्णा पॉलिश पेपर घेऊन गॅलरीत बसलेसुद्धा. तिथे मी जरा आवाज चढवला. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं की ती धूळ हवेत आणि मग लहान मुलांच्या हातातोंडात जाते. ओलं करून, फडक्याने पुसत, फक्त सुटलेले पोपडे काढले आणि वरून नवा थर चढवला.

ते दार, कपाटाच्या चार फळ्या आणि भिंतीच्या टाइल्सची चळत ओळखीच्या एका बालवाडीला गेली. देण्याआधी मी सगळ्या सामानाचे फोटो पाठवले होते, "काय हवं ते सांगा" म्हणून. बेसिन त्यांनी नको म्हटलं. ते बरं झालं. न विचारता टेम्पो भरून पाठवला असता तर आमचा कचरा त्यांच्या अंगणात जाऊन पडला असता, आणि त्यावर आम्ही आभारही मानून घेतले असते.

वायरींबाबत वाद झाला नाही. नवी बंडलं ठेवली, जुनी वायर आणि जुने स्विच घरात परत लावायचे नाहीत असं ठरलं. जुन्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. तांबं भंगारात गेलं. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो म्हणून त्या न फोडता वेगळ्या दिल्या.

ग्रॅनाइटचे लांब तुकडे ताईंना दिवाणखान्यात भिंतीवर फळीसारखे हवे होते. वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो. १.२ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद फळी म्हणजे जवळजवळ १९ किलो, पुस्तकं ठेवण्याआधीच. ती भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे पातळ. मी नको म्हटलं आणि तो तुकडा बेसिनखाली बसवला, तिथे दोन्ही टोकांना आणि मागे भिंतीचा आधार मिळत होता. कापताना कटरला पाणी सोडायला लावलं; कोरड्या ग्रॅनाइटची धूळ फुफ्फुसात बसते. सिंकचा कापलेला चौकोन आणि दुसरा तुकडा तसाच राहिला. "असू दे," अण्णा म्हणाले. त्या दिवशी मला ते ऐकून हसू आलं होतं.

गॅलरी, आणि माझी चूक

दिवाणखान्याच्या चार बंद पेट्यांतल्या तीन दुकानदाराने मुदतीत परत घेतल्या. एक मुद्दाम ठेवली, पुढेमागे फरशी फुटली तर. म्हणजे नियम मला ठाऊक होता.

गॅलरीत काय लावायचं यावर चर्चा झाली. चकचकीत फरशी पाऊस पडला की निसरडी, आणि सकाळी तिथे अण्णा असतात. भिंतीची टाइल पायाखाली टिकत नाही. ती पाणीही जास्त शोषते. राहिल्या त्या बाथरूमच्या खरबरीत ३३ टाइल्स. गॅलरी २.४ मीटर लांब, एक मीटर रुंद. हिशोबाने २७, कटाई आणि मोड धरून ३०. उरलेल्या तीन उंबऱ्यालगतच्या पट्टीत गेल्या. मिस्त्री खूश, ताई खूश, एकही टाइल वाया गेली नाही म्हणून मीही खूश. फोटोसुद्धा काढला.

दिवाणखान्याची फरशी मी पुन्हा न मिळणाऱ्या चौकोनात ठेवली होती. बाथरूमची मात्र न नासणाऱ्या चौकोनात टाकली. का, याचा मी नंतर बराच विचार केला. दिवाणखान्याची फरशी सगळ्यांना दिसते, ती फुटली तर लाज वाटते. फोडायची वेळ मात्र बाथरूमच्या फरशीवरच आधी येते, कारण तिच्याखाली पाइप असतात. मी दिसण्यावरून वर्गवारी केली, जोखमीवरून केली नाही.

सात महिन्यांनी

खालच्या घराच्या छतावर ओल दिसली. प्लंबरने नहाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा गळतोय असं सांगितलं. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स फोडाव्या लागल्या. आमच्याकडे शून्य. दुकानात तीच टाइल होती, पण दुसऱ्या बॅचची: शेजारी ठेवली तर जरा पिवळट.

पहिला विचार गॅलरीतल्या काढायचा. प्रयत्न करून पाहिला. सिमेंटच्या मालावर बसवलेली टाइल कधीकधी सुटून येते. अ‍ॅडेसिव्हवरची सुटत नाही. दोन काढायला गेलो, दोन्हींचे तुकडे झाले. आता गॅलरीही खराब. तिसऱ्या टाइलला हात लावायच्या आत ताईंनी थांबवलं, आणि तो निर्णय त्या दिवसातला सगळ्यात शहाणा होता.

समोर दोन रस्ते राहिले. वेगळ्या बॅचच्या चार टाइल्स लावायच्या आणि तो ठिगळासारखा फरक रोज बघायचा. किंवा मुद्दामच वेगळं काहीतरी लावायचं, म्हणजे ते ठरवून केल्यासारखं दिसेल. तेव्हा अण्णांनी पलंगाखालून सिंकचा तो चौकोन ओढून काढला. दगड पॉलिश असल्यामुळे ओल्या जमिनीवर चालणार नव्हता. मिस्त्रीने तो उलटा केला. ग्रॅनाइटची मागची बाजू नुसती करवतीने कापलेली, खरबरीत असते.

अडचण जाडीची होती. टाइल साधारण नऊ मिलिमीटर, दगड वीस. म्हणजे खालचा थर अकरा मिलिमीटर खोल घ्यावा लागणार, आणि त्याखाली वॉटरप्रूफिंग. सांधा बदलण्यासाठी तिथलं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचंच होतं, म्हणून हे जमलं. एरवी मी होकार दिला नसता. नवा थर वाळल्यावर ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं, खालच्या घरी जाऊन छत पाहिलं, आणि मगच दगड बसवला. ट्रॅपच्या जाळीसाठी मधे गोल कापला, ढाळ ठेवून त्याचे चार तुकडे केले. दिसतं बरं. येणारे विचारतात, ही कल्पना कुणाची.

गॅलरीतल्या फुटलेल्या दोन जागी दुसऱ्या बॅचच्या टाइल्स लावल्या. फरक दिसतो. त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

मोजमाप सगळ्या खोल्यांचं एकत्र काढेन, वेस्टेज एकदाच धरेन आणि पेट्या लागतील तशा उघडायला सांगेन. एवढ्यानेच खोलीतलं निम्मं सामान आलं नसतं. उरलेल्याचं काय करायचं याची हुशारी दाखवायची वेळ कमी येते ती अशाने.

बिल आणि परत करायची शेवटची तारीख मी आता घराच्या आतल्या दारावर चिकटवते. या कामात ती तारीख माझ्या वहीत होती, आणि वही माझ्या पिशवीत. फरशी परत झाली ती ताईंना आठवलं म्हणून.

आणि जमिनीखाली किंवा भिंतीत पाइप असेल त्या प्रत्येक जागेच्या आठ-दहा टाइल्स, एकही न वापरता, आधी बाजूला. गॅलरीला त्यामुळे दहा कमी पडल्या असत्या. तर तेवढ्या जागेत दुसरी पट्टी लावली असती, जी शेवटी कुंड्यांखाली आत्ता आहेच.

सिमेंटच्या बाबतीत मात्र मी आजही अण्णांचं ऐकणार नाही.

अण्णांनी आता एक वही केली आहे. वस्तू, कुठे ठेवली, कधीपर्यंत चालेल, असे तीन रकाने. तिसरा रकाना माझ्यामुळे. रंगाच्या डब्यापुढे त्यांनी दर तीन महिन्यांनी झाकण उघडून वास घेतल्याची नोंद केली आहे, सहीसकट. बेसिनपुढचा तिसरा रकाना अजून कोरा आहे, आणि बेसिन गॅलरीत.